विश्वास कमी पडला म्हणून कृपा अडते का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांसाठी तो थोडक्यात पुन्हा मांडते. तुमच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि डायलिसिस सुरू आहे. तुम्ही ज्या घरप्रार्थनेला जाता, तिथे त्यांच्यासाठी उपवास झाले, हात ठेवून प्रार्थना झाल्या. फरक पडला नाही तेव्हा कोणीतरी म्हणालं, "घरात कोणाचा तरी विश्वास कमी आहे, त्यामुळे आशीर्वाद अडलाय." मग दोन गोष्टी सुचवल्या गेल्या. एक म्हणजे आठवडाभर डायलिसिस बंद ठेवून 'विश्वासाचं पाऊल' टाकायचं. दुसरी म्हणजे येत्या सभेत तुम्ही उभं राहून, ते बरे झाले आहेत अशी साक्ष आधीच द्यायची. तुम्ही विचारता, कृपा फुकट मिळते असं लहानपणापासून शिकलो, मग तिला ही अट कुठून आली? आणि माझा विश्वास पुरेसा आहे की नाही, हे मला कळणार कसं?

सगळ्यात आधी एकच सांगते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही: डायलिसिस चुकवू नका. एकही नाही. का, ते पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं शास्त्रपाठ घेते आणि पाळकांबरोबर इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जाते. तुमच्यासारखा प्रश्न वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला पुष्कळदा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा बायकांनी, आणि बहुतेक वेळा अगदी हळू आवाजात. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथून मला ठरवता येणार नाहीत. तो प्रार्थनेचा गट सोडावा की नाही, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या अडीनडीला धावून येणारी तीच माणसं असतील, तर सोडणं सोपं नाही. तसं बोलणारी व्यक्ती गटाची पुढारी आहे की एखादी भाबडी बहीण, यानेही फरक पडतो. तुमच्या यजमानांना स्वतःला काय वाटतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी त्यांना विचारा. आजारी माणसाबद्दल घरभर चर्चा होते आणि त्यालाच कोणी विचारत नाही, असं फार वेळा घडतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय 'विश्वास किती हवा', पण त्याच्या तळाशी एक समजूत बसली आहे: देवाकडे कृपा आहे, आणि विश्वास ही तिची किंमत. ही समजूत आपल्याकडे लवकर रुजते, कारण देवाशी देण्याघेण्याची बोली आपल्याला अनोळखी नाही. नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा. ख्रिस्ती घरांतून ही रीत पुरती गेलेली नाही. पण नवसात काय द्यायचं हे निदान आधी ठरलेलं असतं. 'विश्वास कमी पडला' या हिशोबात किंमत किती, हे आधी कोणीच सांगत नाही. माणूस बरा झाला तर विश्वास पुरेसा होता, नाही झाला तर कमी होता. असा हिशोब कधी चुकत नाही, कारण उत्तर पाहूनच तो मांडलेला असतो. आणि त्याचं सगळं ओझं आजाऱ्यावर नाहीतर त्याच्या बायकोवर येऊन पडतं.

शास्त्रातल्या गोष्टी मात्र वेगळंच सांगतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, नवव्या अध्यायापासून सुरुवात करू, कारण त्यात तुमच्यासारखाच एक माणूस आहे.

येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन डोंगरावरून खाली येतो. खाली बाकीचे शिष्य आहेत, शास्त्री आहेत, लोकांची गर्दी आहे आणि वाद चालला आहे. त्या गर्दीत एक बाप आपल्या मुलाला घेऊन उभा आहे. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी तो विस्तवात पडतो, कधी पाण्यात. लहानपणापासून हेच चाललंय. शिष्यांनी प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. आता आजारी मूल बाजूला राहिलं आहे आणि जाणकार माणसं आपसांत वाद घालताहेत. हे चित्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. बाप येशूला म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. त्या 'असेल तर'मध्ये केवढी थकावट आहे पाहा. येशू तोच शब्द धरून सांगतो की विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे. आणि बाप ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका."

इथे थांबा. तुमच्या गटाचा नियम खरा असता, तर गोष्ट इथेच संपली असती. माणसाने सगळ्यांदेखत कबूल केलं की त्याच्या आत अविश्वास आहे. येशू म्हणाला असता, आधी तो काढ, उपवास कर, मग ये. तो तसं म्हणत नाही. पुढच्याच ओळीत तो मुलाकडे वळतो आणि त्याला बरं करतो. बापाच्या मनातला अविश्वास गेला की नाही, किती उरला, हे मार्क लिहितसुद्धा नाही. त्या बापाने केलं एवढंच, की होता तो अर्धामुर्धा विश्वास आणि होता तो अविश्वास, दोन्ही एकाच वाक्यात घेऊन तो येशूसमोर उभा राहिला. माझ्या समजुतीप्रमाणे विश्वास म्हणजे हेच. मनात शंका नसणं असा त्याचा अर्थ नाही. शंकेसकट त्याच्याकडे जाणं हा त्याचा अर्थ आहे.

आणखी एक बारकावा. नंतर घरात शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? मत्तय आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना येशूचं उत्तर देतो: तुमच्या अल्पविश्वासामुळे. तुमच्या म्हणजे शिष्यांच्या. दोष आजारी मुलाला नाही, बापालाही नाही. शुभवर्तमानं उघडून तपासा. 'अल्पविश्वासी' हा शब्द येशू शिष्यांसाठी वापरतो: वादळात नावेत घाबरलेले, भाकरी विसरून आले म्हणून काळजी करणारे, पाण्यात बुडू लागलेला पेत्र. तिथेही तो आधी हात पुढे करून पेत्राला धरतो आणि मग रागावतो. मदत मागायला आलेल्या एकाही आजाऱ्याला 'तुझा विश्वास कमी आहे, जा' असं सांगून त्याने परत पाठवलेलं नाही.

याच्या उलट, विश्वासाचा काहीच पत्ता नसलेली माणसंही बरी झाली आहेत. बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरं केलं हेसुद्धा माहीत नव्हतं. लोकांनी विचारलं तेव्हा त्याला नाव सांगता आलं नाही. नाईन गावच्या ज्या विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवला, तिने काही मागितलंच नव्हतं. ती फक्त तिरडीमागून रडत चालली होती. कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उस्तरून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. आजारी माणूस एक शब्द बोललेला नाही.

तुमच्या गटातली मंडळी यावर काही वचनं दाखवतील, आणि ती वचनं टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

पहिलं वचन म्हणजे "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशू हे म्हणाला, हे खरं आहे. पण तिचा विश्वास कसा होता ते पाहा. पुष्कळ वैद्य झाले होते, सगळे पैसे संपले होते. ती गर्दीत मागून आली, वस्त्राला हात लावून कोणाला न कळता निघून जायचा तिचा बेत होता. पकडली गेल्यावर ती भीतीने कापत होती. तिला येशूबद्दल किती समजलं होतं? फारसं नसावं. वस्त्रातच सामर्थ्य आहे अशी काहीशी तिची कल्पना दिसते. तरी येशूने तिला 'मुली' म्हणून हाक मारली. जो विश्वास त्याने वाखाणला, तो कापऱ्या हाताचा होता. तुमच्या गटात तिने तो हात वर केला असता, तर तिलाही 'ताई, विश्वास वाढवा' असंच ऐकायला मिळालं असतं, अशी मला भीती वाटते.

दुसरं वचन नासरेथचं. तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूला मोठी कामं करता आली नाहीत असं मार्क लिहितो. पण तो अविश्वास कोणता? हा तर आपल्या गावचा सुतार, मरियेचा मुलगा, म्हणून लोकांनी त्याला धुडकावलं. ते त्याच्याकडे आलेच नाहीत. आणि त्या गावातसुद्धा त्याने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलंच. धुडकावणं आणि थकून शंका येणं या दोन गोष्टी एक नाहीत. तुम्ही रात्री नवऱ्याचे सुजलेले पाय चेपताना रडत प्रार्थना करता असं लिहिलंय. नासरेथच्या लोकांशी तुमचा काही संबंध नाही.

तिसरं याकोबाच्या पत्रातलं: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हे वचन जो कोणी तुम्हाला ऐकवेल, त्याला त्याच्या आधीची ओळ वाचायला सांगा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथे आहे. विश्वासाने प्रार्थना करायची आहे ती वडिलांनी. आजाऱ्याकडे याकोब एकच गोष्ट मागतो: बोलावणं पाठव. या वचनाच्या आधारे कोणाच्या विश्वासाची तपासणी करायचीच झाली, तर ती प्रार्थना करणाऱ्यांपासून सुरू करावी लागेल. मी तसं करा म्हणत नाही. पण हे ओझं आजाऱ्याच्या घरावर टाकायला या वचनात जागा नाही, एवढं निश्चित.

मग कृपा आणि विश्वास यांचा क्रम काय? निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात तो अगदी स्पष्ट दिसतो. इस्राएल लोक मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून निघाले आहेत. पुढे समुद्र, मागे तिथल्या राजाचे, फारोचे रथ. इस्राएल लोक काय करतात? त्यांना घेऊन निघालेल्या मोशेवर ओरडतात: मिसरात थडगी नव्हती म्हणून आम्हाला रानात मरायला आणलंस काय? यात विश्वास शोधून सापडणार नाही. तरी समुद्र दुभंगतो आणि ते सगळे, कुरकुर करणारेही, पार होतात. पलीकडे पोचल्यावर, अध्यायाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की लोकांनी परमेश्वरावर विश्वास ठेवला. आधी सुटका, मग विश्वास. दहा आज्ञा तर त्याच्याही पुढे, विसाव्या अध्यायात येतात, आणि त्यांची सुरुवात 'असं वाग म्हणजे मी तुला सोडवीन' अशी नाही, 'मी तुला मिसरातून बाहेर आणलं' अशी आहे. प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो की कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आहे, आणि हे तुमच्या हातून झालं नाही, हे देवाचं दान आहे, तेव्हा तो हाच क्रम सांगतो.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट सांगते. शास्त्रपाठात ती फारशी घेतली जात नाही, पण आजाऱ्यांच्या घरात मी हीच वाचते. दुसरं शमुवेल, नववा अध्याय, मफीबोशेथाची.

शौल राजा आणि त्याचा मुलगा, दावीदाचा जिवलग मित्र योनाथान, लढाईत पडले, ती बातमी आली तेव्हा योनाथानाचा मुलगा पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा लंगडा झाला. त्याचा काही अपराध नव्हता. दाईचाही नव्हता, ती त्याला वाचवायलाच धावत होती. मग हे मूल यार्देनेपलीकडे लो-दबार नावाच्या गावी माखीर नावाच्या माणसाच्या घरी वाढलं. इकडे दावीद राजा झाला. त्या काळी नवा राजा जुन्या राजाच्या वंशाला जिवंत ठेवत नसे, त्यामुळे मफीबोशेथाला दावीदाचं नाव ऐकून धडकी भरत असणार. आणि एक दिवस दावीद विचारतो, शौलाच्या घराण्यात कोणी उरलं आहे का? योनाथानासाठी मला त्याच्यावर दया करायची आहे.

मफीबोशेथाने अर्ज केला नव्हता. तो लपून होता. दावीदाने माणसं पाठवून त्याला आणवलं. तो आला आणि जमिनीला तोंड लावून म्हणाला, माझ्यासारख्या मेल्या कुत्र्याकडे आपण का पाहावं? दावीद त्याला म्हणाला, भिऊ नको. शौलाची सगळी जमीन त्याने परत दिली आणि सांगितलं की तू नेहमी माझ्या पंक्तीला जेवशील, राजपुत्रांसारखा. त्याला हे मिळालं ते त्याच्या गुणांसाठी नाही, दावीदाने त्याच्या बापाशी केलेल्या करारासाठी.

या अध्यायाचं शेवटचं वाक्य तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. मफीबोशेथ यरुशलेमेत राहिला, तो नेहमी राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे असं मला वाटतं. कृपा मिळाली, पूर्ण मिळाली, रोज मिळाली. पाय बरे झाले नाहीत. पण त्या पायांवरून पंक्तीतली त्याची जागा कोणी ठरवली नाही.

मग विश्वास कुठे आला, असं तुम्ही विचाराल. बोलावणं आलं तेव्हा तो लो-दबार सोडून आला. घाबरत आला, पण आला, आणि वाढलेलं ताट त्याने नाकारलं नाही. त्या दिवशी त्याच्याजवळ विश्वास म्हणावा असं इतकंच होतं. पुढे बऱ्याच काळाने, दावीदाचा मुलगा अबशालोम याने बंड केलं तेव्हा, मफीबोशेथाच्या चाकराने त्याची चहाडी केली आणि बंडानंतर जमीन वाटली जाण्याची वेळ आली. तेव्हा मफीबोशेथ म्हणाला, त्यालाच सगळी घेऊ द्या, राजा सुखरूप घरी आला एवढं मला पुरे. हा वाढलेला विश्वास. तो राजाच्या पंक्तीला जेवता जेवता वाढला. पंक्तीला बसण्यासाठी तो आधी वाढवून आणावा लागला नव्हता.

अब्राहामाचंही असंच आहे. विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणून त्याचं नाव आधी घेतात आणि आपल्याला वाटतं, तो कसा, आपण कसे. पण उत्पत्ती नीट वाचा. पंचाहत्तराव्या वर्षी तो हारान सोडून निघाला आणि इसहाक जन्मला तेव्हा तो शंभर वर्षांचा होता. मधल्या पंचवीस वर्षांत तो दोनदा, एकदा मिसरात आणि एकदा गरारात, जिवाच्या भीतीने आपल्या बायकोला, सारेला, बहीण म्हणून मोकळा झाला. मूल होईल या वचनाची वाट पाहून थकला तेव्हा दासी हागारेपासून मूल झालं. देवाने पुन्हा वचन दिलं तेव्हा तो पालथा पडून हसला. आणि देवाने करार केला त्या रात्री काय झालं? पशू कापून त्यांचे भाग समोरासमोर मांडले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे, करार करणारे त्या भागांमधून चालत जात. पण अब्राहामाला गाढ झोप लागली होती. धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या भागांमधून गेली, म्हणजे एकटा देव गेला. करार निभावण्याची जबाबदारी देवाने स्वतःवर घेतली. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व गणला गेला हे त्याच अध्यायात आहे, पण तो करार त्याच्या विश्वासाच्या ताकदीवर उभा नव्हता. नाहीतर हागारेच्या वेळीच मोडला असता.

आता न बरं होण्याबद्दल. प्रार्थनेनंतर माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. न बरी झालेलीही पाहिली आहेत, त्यांतली काही माझ्यापेक्षा किती तरी जास्त विश्वासाची होती. एक का आणि दुसरं का नाही, याचं कारण मी कोणाला सांगत नाही, कारण शास्त्रही सांगत नाही. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. तोच पौल लिहितो की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. यांपैकी कोणालाही तो विश्वास वाढव म्हणत नाही. इब्री लोकांच्या पत्रातला अकरावा अध्याय तर एका दमात सांगतो की विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले आणि काही जण तलवारीने मारले गेले. विश्वास तोच.

आपल्या मराठी मंडळीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण तारण हे कमवायचं नसतं, ते नुसतं स्वीकारायचं असतं, हे आपल्याला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढी विद्वान बाई, आणि तिलाही कृपेपाशी पोचायला वेळ लागला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेवाचून एक दिवस जात नसे. तरी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. स्वतः रमाबाई त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या, शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम शेवटपर्यंत करत. रमाबाईंचा विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली, असं म्हणायची कोणाची जीभ वळेल? मग तुमच्याबद्दल तसं का म्हणू द्यायचं?

आता डायलिसिस. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेलं आणि सांगितलं, खाली उडी टाक, देव तुझ्यासाठी दूतांना आज्ञा करील. त्याने वर स्तोत्रातलं वचनही ऐकवलं. ते दिसायला विश्वासाचं पाऊलच होतं. येशूने उत्तर दिलं, प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नको. उपचार थांबवून देवाला वेळ नेमून देणं म्हणजे त्या शिखरावरून उडी टाकणं आहे. आणि हिज्कीया राजाची गोष्ट लक्षात ठेवा. देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून वचन दिलं होतं की तुझं आयुष्य मी पंधरा वर्षांनी वाढवतो. इतकं पक्कं वचन मिळाल्यावरही यशयाने सांगितलं, अंजिरांची ढेप आणून त्याच्या गळवावर बांधा. देवाचं वचन आणि लेप एकाच खोलीत होते, आणि संदेष्ट्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. एक डायलिसिस चुकलं तरी अंगात पाणी आणि पोटॅशियम साठून हृदयावर येऊ शकतं, हे तुमचे डॉक्टर तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगतील. गटातल्या पुढाऱ्यांना एकदा त्या डॉक्टरांसमोर बसवा. खर्च ही अडचण असेल, तर इस्पितळातल्या समाजसेवा विभागात महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. डायलिसिस तिच्यात बसतं.

साक्षीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जे झालेलं नाही, ते झालं म्हणून सांगू नका. साक्ष म्हणजे पाहिलेलं, अनुभवलेलं सांगणं. देवाला आपल्या खोट्याची मदत लागत नाही. पण गप्पही बसू नका. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाक मारतं आणि अंधारातच संपतं. तरी ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तुम्ही उभं राहून म्हणू शकता: माझे यजमान अजून आजारी आहेत, आठवड्यातून इतक्या वेळा डायलिसिस होतं, आम्ही थकलो आहोत, आणि तरी प्रार्थना सोडलेली नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्या खोलीत आणखी दोघी-तिघी असतील ज्यांना हे ऐकायची गरज आहे. हे ऐकून कोणी तुम्हाला बसवलं, तर त्या गटात जावं की नाही या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

घरात काय करायचं, तर एवढंच. यजमानांना विचारून, त्यांना हवं असेल तर, तुमच्या पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना बोलावणं पाठवा. याकोबाने सांगितलंय तसं तेल लावून प्रार्थना करू द्या, आणि 'बरं होऊ दे' असं मोकळेपणाने मागा, मन मारून मागू नका. मार्क नऊ किंवा मफीबोशेथाचा अध्याय त्या वेळी वाचून घ्या. डायलिसिस झालेल्या दिवशी त्यांना फार गळून गेल्यासारखं होत असेल, म्हणून मधला दिवस ठरवा. येणाऱ्यांना आधीच सांगा की त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, तेव्हा चहा-सरबताचा आग्रह नको, आणि प्रार्थना लांबली तर ते मध्येच आडवे होतील, त्यात कोणी वाईट वाटून घेऊ नये.